झोपून बघा, मग घ्या

तुम्ही हे पलंगावर लोळत वाचत असाल, तर एक विनंती आहे. अंगाखालची चादर दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि जरा चोळा. उठू नका, नुसती चोळा. बोटं सटकन घसरली? चिमटीत ऊब तयार झाली? मग तुमच्या झोपेबद्दल मला जे वाटतं, ते मी सणासुदीच्या दिवसांत बोलणार नाही.

मी नाशिकच्या मेनरोडवर चादरी विकते. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून विकते, आणि आता माझ्याच मुलीचं लग्न ठरलंय. वयाचा हिशेब तुमचा तुम्ही करा. या सगळ्या काळात माझं आश्चर्य काही ओसरलेलं नाही. माणसं चपला घेताना पायात घालून चार पावलं चालून बघतात. आंबा नाकाला लावतात, कलिंगडाला टिचक्या मारतात. आणि ज्या चादरीवर आयुष्याचा तिसरा हिस्सा आडवं पडून काढायचा, ती घेताना काय बघतात? मोर! "ताई, यात मोर मिळेल का?" मोर बघतात, गुलाब बघतात, पडद्याला जुळतंय का बघतात. पाठीला कुणी विचारत नाही. पाठ बिचारी मागे असते.

म्हणून नवी नवरी असतानाच मी दुकानात एक पलंग आणून टाकला, गादीसकट. सासरे गल्ल्यावर बसले होते. ते उभेच राहिले.

"हे काय?"

"गिऱ्हाईक झोपून बघेल, मग घेईल."

"दुकानात? झोपेल? अगं, दुकान आहे का धर्मशाळा?"

पण पहिल्या आठवड्यात विक्री वाढली आणि सासऱ्यांनी स्वतःच पाटी रंगवून आणली: 'झोपून बघा, मग घ्या.' ती अजून आहे.

या पलंगावर मी काय काय पाहिलंय! एक बाई आल्या, भारी साडी, केसांत गजरा. एक्स-रेला झोपतात तशा श्वास रोखून ताठ पडल्या आणि विचारलं, "झालं?" एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, सोबत सासूबाई. मी म्हटलं, पडून बघा. दोघं लाजून एकमेकांकडे बघेपर्यंत सासूबाई चपला काढून पलंगावर! इकडून वळल्या, तिकडून वळल्या, उठून बसल्या आणि निकाल दिला, "मला चालेल." तो मुलगा आयुष्यात पुढे कसा झोपला असेल, देव जाणे.

धंद्याच्या दोन गोष्टी सांगून ठेवते, फुकट. नवी चादर हाताला कडक लागली म्हणजे दणकट, असा एक समज आहे. तो कडकपणा खळीचा असतो. पहिल्या धुण्यात खळ बादलीत उतरते आणि हातात मच्छरदाणी उरते. दुसरी मंडळी लोण्यासारखी मऊ लागली की प्रेमात पडतात. ते लोणीही बहुतेक वेळा वरून लावलेलं. चार धुण्यांत तेही गेलं. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, भुरभुर राख होते. पॉलिएस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि त्याची काळी टणक गोळी होते. आता विचार करा, त्या गोळीच्या भावंडांवर तुम्ही एप्रिलच्या दुपारी घाम गाळत पडलाय.

आणि तो आकडा! हल्ली गिऱ्हाईक पायरी चढतानाच विचारतं, "काउंट किती?" जसे काही दहावीचे मार्क. एका चौरस इंचात किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. पण इंच तो इंचच. त्यात धागे कोंबून कोंबून किती कोंबाल? मग एकाच धाग्याच्या पिळातले पदर वेगवेगळे मोजायचे आणि आकडा फुगवायचा. आपल्याकडच्या उकाड्याला साध्या विणीची, हवा खेळू देणारी, दोनदा धुतलेली सुती चादर. बस. तिच्यावर मोर नसतो, म्हणून ती कोपऱ्यात पडून राहते.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी सुनंदाने मला जो धक्का दिला, त्याला तोड नाही.

दसरा नुकताच झाला होता. एक बारीकशी बाई आली, पर्स काखेत घट्ट धरलेली. पलंगाकडे बघितलं, पाटी वाचली आणि म्हणाली, "ताई, झोप येईल अशी चादर आहे का हो?"

मी हातातली घडी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, ज्याने मोर नाही, झोप मागितली! मी तिला मिठीच मारणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

ती सुनंदा. राहायला सातपूरला. माझ्या जाऊबाई कल्पना त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन लवकरच राहायला जाणार होत्या, त्यांनीच दुकान सांगितलेलं. सुनंदाचा नवरा दिलीप एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस चालवायचा. जुनी मशीन, पायाने दाबायची. पत्रा हाताने आत सरकवायचा, पाय दाबायचा, वरून ठोका बसतो, पत्रा काढायचा, पुन्हा सरकवायचा. रात्रपाळी कायमची मागे लागलेली. सकाळी घरी यायचा आणि दिवसभर पलंगावर तळमळायचा.

"वरच्या मजल्यावर आहोत हो. स्लॅब तापतो," ती म्हणाली. "झोपच नाही. मग तिकडे मशीनवर डुलकी लागते. फोरमन म्हणाला, परत डोळा मिटलेला दिसला तर मशीनवरून काढीन. काढलं तर काढलं, ताई. पण त्याच्या आधी हात गेला तर?"

"कशावर झोपतात?"

"आहे ना, लग्नात आलेली. गुलाबी. चकचकीत."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी म्हटलं, "चादर देत नाही. आधी माणूस घेऊन या."

ती त्याला घेऊन आली ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर, शनिवारी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दिलीप उंच, खांदे पडलेले, डोळे जास्वंदीसारखे लाल. पलंग बघून तो मागे सरकला.

"नको हो ताई, लोक बघतात."

"लोक मोर बघतायत. तुम्ही पडा."

मी पलंगावर घातली होती पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांची चादर. साधी वीण. मीच घरी दोनदा धुऊन, खळ काढून, नमुना म्हणून ठेवलेली. तो कडेला टेकला, मग आडवा झाला. मी सुनंदाकडे वळून म्हटलं, "आता हा जो कपडा आहे ना..." आणि मागून घोरण्याचा आवाज आला.

अहो, शपथेवर सांगते, माझं वाक्य पुरं झालं नव्हतं!

सुनंदाचा चेहरा शरमेने पडला. "उठवते मी."

"हात लावाल तर बघा."

दुकान भरत गेलं. माणसं त्याच्याभोवतीने वळसा घालून खरेदी करायला लागली. एक आजोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे गृहस्थ आजारी आहेत का?"

"नाही हो. समाधानी आहेत."

"कुठली चादर ही?"

"तीच. रेघांची."

"मग हीच द्या दोन."

त्या संध्याकाळी रेघांच्या चादरींचा ढीग संपला. कधीच न खपणारा माल! माझा नवरा गल्ल्यावरून खुणा करत होता, की याला रोज बोलव. दिवे लागल्यावर दिलीप दचकून उठला, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली शिफ्ट आहे?"

सुनंदा रडत होती. म्हणाली, "असं झोपलेलं मी यांना बघितलंच नव्हतं."

तिला नवी नाही, त्याच्या अंगाखालचीच चादर हवी होती. मलाही ते पटलं. दिलीप बाहेर गाडी काढत होता, तेवढ्यात मी ती इस्त्री करून, माझ्या हाताने शिवलेल्या जांभळ्या खणाच्या पिशवीत घालून दिली. तसली पिशवी मी त्या दिवसापर्यंत एकच शिवली होती. मुलीच्या परकराचा तुकडा उरला होता, तेवढ्यात एकच झाली. हे लक्षात ठेवा.

मी त्या दिवशी रात्री घरी जाऊन आरशासमोर स्वतःला नमस्कार केला.

काही आठवड्यांनी सुनंदा पुन्हा दारात.

"कसे आहेत दिलीपराव?"

"नाही हो झोपत, ताई."

मी बसलेच. माझ्या चादरीवर? जिच्यावर तो भर बाजारात घोरला, तिच्यावर घरी झोपत नाही? मग चादरीचा दोष नव्हे, दुसरं काहीतरी असणार. मी तिला खिडकीला जाड गडद पडदा लावायला लावला. तिने लावला. उशी बदलायला लावली. बदलली. गादी उन्हात टाकायला सांगितली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला, दुधवाल्याला बेल वाजवू नको म्हणून सांगायला लावलं. बाई इतकी आज्ञाधारक, की सगळं केलं. आणि दर वेळी येऊन सांगायची, "नाही हो, ताई." मी गिऱ्हाइकांना चादर दाखवता दाखवता गप्प व्हायला लागले. मी गप्प होणं म्हणजे काय, हे आमच्या घरी विचारा.

एकच गोष्ट मी विचारली नाही. ती कुणीच विचारणार नाही. तुम्ही विचारली असती?

फेब्रुवारीत माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. पाहुणे जेवून गेले आणि आम्ही घरची माणसं आहेर उघडत बसलो. कल्पनाबाईंनी, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, सोनेरी कागदातलं एक जड पुडकं पुढे केलं.

"हे आधी उघडा. खास पुण्याहून मागवलंय. तुमच्या मेनरोडला असला माल नाही मिळायचा हं."

मी कागद फाडला. आत जांभळी खणाची पिशवी.

मी किंचाळले. मुलगी म्हणाली, "आई, साप आहे का?" मी पिशवीत हात घातला. पांढऱ्यावर निळ्या रेघा. माझी इस्त्री. माझी घडी, जशीच्या तशी, एक चुणी नाही. नाकाला लावली. भपकन डांबरगोळ्यांचा वास.

"काय झालं?" जाऊबाई. "आवडली ना?"

"अहो, इतकी आवडली," मी म्हटलं, "की वाटतं आपलीच आहे."

जाऊबाई खूश झाल्या. (त्या हे वाचणार आहेत. वहिनी, दिवाळीच्या शुभेच्छा.)

तर दिलीप त्या चादरीवर झोपत नव्हता, हे खरंच होतं. कारण ती चादर त्याच्या पलंगावर कधी आलीच नव्हती! ती दुकानातून सुनंदाच्या कपाटात गेली, तिथून जाऊबाईंच्या वास्तुशांतीला, तिथून माझ्या मांडीवर. अख्खं नाशिक फिरून आली. फक्त तिच्यावर माणूस झोपायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी घेऊन सातपूरला. जिने चढताना मनात सगळे संवाद जुळवत होते. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी नाटकं केलीत, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. सुनंदाने दार उघडलं, माझ्या हातात पिशवी बघितली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून मला पलंग दिसला. त्याच्यावर ती गुलाबी चकचकीत चादर, आणि तिच्यावर दिलीप, उताणा, डोळे सताड उघडे, पंख्याकडे बघत.

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"रागावू नका, ताई. एवढी चांगली चादर. घरच्या माणसाला कशी घालायची? म्हटलं, पाहुण्यांना ठेवू. माझ्या नणंदबाई येतात दिंडोरीहून, आक्का. त्यांच्यापुढे पलंगावर काय घालणार? मग कल्पनाताईंची वास्तुशांत आली. ऐनवेळी हाताशी तेवढीच..."

"आणि दिलीपराव?"

"ते काय, घरचेच आहेत."

ती वाईट बाई नव्हती हो! नवऱ्याच्या काळजीने अर्धी झाली होती. पडदे लावले, उशा बदलल्या, दुधवाल्याशी भांडली. आणि चांगली चादर घरच्या माणसाच्या अंगाखाली घालायची असते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या ओट्यापाशी उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या दुकानातल्या निम्म्या चादरींना माणूस माहीतच नाही. त्या कपाटातून कपाटात जातात.

मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला एक कामाचा हातमोजा लटकवलेला होता. एकच. त्याची बोटं पापडासारखी चपटी.

"परवा," ती म्हणाली. "डोळा लागला. पाय दाबला गेला. शेजारच्या माणसाने मागून खांदा खेचला म्हणून. हात निघाला, मोजा आत राहिला. आता तो घरी आणलाय. टाकू देत नाहीत."

मला बसायला स्टूल दिलं तिने. मी पाणी प्यायले. त्या मोज्याकडे बघवत नव्हतं आणि नजर हटत नव्हती.

चादर तिच्या हातात नुसती ठेवली असती तर? पुन्हा कपाट. समजावलं असतं तर मान डोलावली असती, आणि पुन्हा कपाट. मी उठले. म्हटलं, "सुनंदा, गुरुवारी सकाळी मी तुमच्याकडे येते. पाहुणी म्हणून. मुक्कामाला."

"अगंबाई! खरंच? या ना!" रडता रडता हसली. आणि बघा, तिची नजर लगेच पिशवीवर गेली.

"पलंगावर काय घालाल?"

"हीच!" तिने पिशवी माझ्या हातातून घेतली.

गुरुवारी सकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून मी बॅग घेऊन हजर. बॅगेत काही नव्हतं, दोन उशा कोंबल्या होत्या, फुगीर दिसावी म्हणून. खोलीत उदबत्ती लावलेली. पलंगावर रेघांची चादर, कडा गादीखाली घट्ट दाबलेल्या. कांदेपोहे झाले. तेवढ्यात दिलीप आला, हेल्मेट हातात, पाय ओढत.

"ताई, तुम्ही?"

"ताई मुक्कामाला आल्यात," सुनंदा म्हणाली. "पलंग त्यांना दिलाय. तुम्ही आज खाली सतरंजीवर पडा."

रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस, आणि त्याला सतरंजी! तो मात्र मुकाट्याने सतरंजी उलगडायला वाकला.

मी कंबरेवर हात ठेवले. "सुनंदा, हा पलंग माझा ना?"

"हो, तुमचाच."

"मी म्हणेन तसा वापरायचा?"

"असं काय विचारता, ताई?"

"मग पाहुणीचा शब्द मोडायचा नाही. दिलीपराव, माझ्या पलंगावर आडवे व्हा."

सुनंदाचं तोंड उघडं पडलं. दिलीपने आधी बायकोकडे बघितलं, मग चादरीवर तळहात फिरवला.

"ही तीच ना? दुकानातली?" तो म्हणाला. "मला वाटलं, ती तुमच्या दुकानाचीच होती. विकायची नव्हती."

घरात इतके दिवस होती, आणि त्याला पत्ताच नाही! तो आडवा झाला. या वेळी मी बोलायला सुरुवातच केली नाही. करून उपयोग नव्हता.

आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत बसलो. सुनंदा सारखी उठून दारातून डोकवायची.

"झोपलेत ना?"

"झोपलेत हो. पण पायाला ग्रीस असेल का त्यांच्या?"

"असू दे."

"डाग निघत नाहीत, ताई."

मी नुसतं खिळ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग ती डोकवायला उठली नाही.

दुपार झाली. स्लॅब तापला. आत तो कूससुद्धा न बदलता पडलेला. आणि खालून, जिन्यातून, एक आवाज आला. मी नाटकवाली, पण असा आवाज मी ऐकला नाही.

"सुनंदेऽ! दार उघड गं! लय ऊन हाय!"

सुनंदा ताडकन उभी राहिली. "आक्का!"

दिंडोरीच्या नणंदबाई, आणि मागे त्यांचे यजमान, दाजी, डोक्यावर द्राक्षांचा क्रेट घेऊन. न कळवता. जिच्यासाठी चादर राखली, ती खरी पाहुणी प्रत्यक्ष! मी मनात म्हटलं, संपलं माझं नाटक. आता दिलीप उठणार, पलंग मोकळा होणार, पोहे पुन्हा होणार, आणि रात्री हा माणूस पुन्हा त्या मशीनपुढे उभा राहणार.

सुनंदा बाहेर गेली. आणि तिने दार आपल्या मागे ओढून घेतलं. मी फटीला डोळा लावला.

"आक्का, हळू."

"का गं? दिल्या बरा हाय ना?"

"झोपलेत."

"मग उठव की! म्हणावं, बहीण आली."

"नाही उठवणार."

आक्का धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सुनंदा तिच्या खांद्याला जेमतेम.

"मंग आम्ही काय जिन्यात बसू?"

"हो," सुनंदा म्हणाली.

सुनंदा आत आली, दोरीवरची ती गुलाबी चकचकीत चादर ओढली, बाहेर नेली आणि जिन्याच्या मधल्या फरशीवर झटकून अंथरली.

"बसा."

आक्काने चादरीकडे बघितलं. खाली वाकून बघितलं. "अगं, ही तर म्या दिली व्हती! तुह्या लग्नात! आमच्याच चादरीवर आम्हाला बसवती?"

"चांगली आहे ना, आक्का? इतकी वर्षं तुमचा भाऊ झोपला तिच्यावर. तुम्ही बसून तर बघा."

आक्का रागाने बसली. बसली ती सरकली. फरशीवरून चादर, चादरीवरून आक्का, थेट कठड्यापर्यंत. दाजींनी क्रेट खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागले. "आपणच दिलीय, हसू का रडू!"

"ही लय गरम होती गं," आक्का थोड्या वेळाने म्हणाली. "घाम आला मला."

सुनंदाने आत जाऊन खिळ्यावरचा मोजा आणला आणि आक्काच्या मांडीवर ठेवला. सांगितलं दोनच वाक्यांत. आक्काने मोजा उचलला, त्याच्यात आपला हात घालून बघायला गेली, आणि तो आत जाईना. दाजींचं हसूही थांबलं.

त्यानंतर दुपारभर दिंडोरी तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज कुजबुजत होता. आम्ही चौघं जिन्यात बसून द्राक्षं खाल्ली. वर-खाली करणारी माणसं आम्हाला ओलांडून जात होती आणि आक्का प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून दटावत होती. उन्हं कलली तेव्हा आमची कुजबुज ऐकून खालून भाजीची पिशवी घेऊन वर कोण आलं असेल? आमच्या जाऊबाई!

"तुम्ही? इथे? जिन्यात?"

मी त्यांच्या तोंडात एक द्राक्ष घातलं. त्या बसल्या. द्राक्ष खाल्लं आणि मग जरा फुरंगटून म्हणाल्या, "बरं, मी पोरीला दिलेली चादर काढली का वापरायला? का टाकली कपाटात? तुमच्याकडे ना, चांगल्या वस्तू नुसत्या ठेवून देतात."

सुनंदाने मान इतकी खाली घातली, की हनुवटी दिसेना. मी बंद दाराकडे बोट दाखवलं.

"काढली, वहिनी. वापरात आहे. हळू बोला, झोपमोड होईल."

जाऊबाईंना काही कळलं नाही. आता कळेल.

तेवढ्यात दार उघडलं. दिलीप उभा. केस विस्कटलेले, गालावर चादरीची चुणी उमटलेली. त्याने आम्हा सगळ्यांकडे ओळीने बघितलं: मी, जाऊबाई, दाजी, बायको, आणि गुलाबी चादरीवर मांडी घालून बसलेली बहीण.

"आक्का! कधी आलात? मला उठवलं का नाही?"

आक्काने त्याला खाली बस म्हणून खूण केली. अजूनही कुजबुजतच होती. तो पायरीवर बसला. तिने क्रेटमधला एक घड उचलला आणि तो घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले. आक्काने घड त्याच्या ओंजळीत ठेवला, पण हात काही सोडले नाहीत. घड तसाच मधे, आणि ती त्याची बोटं एकेक करून चाचपत राहिली, बाजारात द्राक्षाचा मणी चाचपतात तशी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि मग दुसऱ्या हाताची.

सुनंदा उठली. "आक्का, त्यांना आत जाऊ द्या," ती म्हणाली. "शिफ्टला अजून वेळ आहे. पडतील थोडं."